न दिसणारं ऊन

आमच्या लाईनवर कुणी “वाळलं का?” असं विचारलं की काका उखडायचे. “वाळतात ते पापड,” ते म्हणायचे. “इथं काही वाळत नाही. क्युअर झालं का, असं विचार.” काका म्हणजे आमचे जुने ऑपरेटर. आधी चितेगावला टीव्हीच्या कॅबिनेटवर रंग मारायचे, तिथून इकडे आले. २०११ च्या जूनमध्ये मी बीएस्सी केमिस्ट्रीचा निकाल घेऊन ट्रेनी म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिले सहा महिने मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. कॉलेजात पॉलिमरचा धडा मी पाठ केला होता. पॉलिमर होताना पाहिलं ते मात्र इथे, कन्व्हेअरच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून.

काम सांगायला सोपं आहे. आम्ही मोटरसायकलच्या हेडलाईटची काच करतो. सगळे काचच म्हणतात, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्या काळात स्कूटरच्या दिव्याला खरी काच असायची. पॉलिकार्बोनेट तिच्यापेक्षा हलकं, कुठल्याही आकारात ओतता येणारं आणि हातोडा मारला तरी न फुटणारं. दोष दोनच. एक म्हणजे ते मऊ आहे. धुळीच्या फडक्याने रोज पुसलं तर वर्षभरात ओरखड्यांनी भरून जातं. दुसरा दोष जास्त वाईट. उन्हातले अतिनील किरण त्याला पिवळं करतात, मग धुरकट करतात, आणि शेवटी रात्रीच्या रस्त्यावर त्या दिव्याचा उजेड पुढे न पडता काचेतच विखरून जातो.

म्हणून त्यावर पारदर्शक कोटिंगचा थर द्यायचा. दहा-बारा मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा साधारण सहावा भाग. आणि हा थर घट्ट करायचा तोही अतिनील उजेडानेच. ज्या किरणांपासून काचेला वाचवायचं, त्याच किरणांच्या हातून तिचं कवच घडवायचं. चौदा वर्षं हे करते आहे, तरी या गोष्टीचं नवल माझ्या मनातून गेलेलं नाही.

आईला हे समजावून सांगणं ही माझी पहिली परीक्षा होती. आम्ही बिडकीनलाच राहतो. पहिल्या आठवड्यात गच्चीवर कुरडया घालताना तिने विचारलं, “दिवसभर काय करती गं तिथं?” मी म्हटलं, “काचांवर औषध मारून उजेडात वाळवते.” तिने आभाळाकडे बोट केलं. “मग एवढं ऊन फुकट पडलंय की. दिवे कशाला लावता?” प्रश्न बरोबर होता. उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं, तेही तिच्याच स्वयंपाकघरात.

कुरडई वाळते तेव्हा तिच्यातलं पाणी निघून जातं. दही लागतं तेव्हा काहीच निघून जात नाही. शेरभर दूध, शेरभर दही. तेच द्रव्य, पण आतून एकमेकांत गुंतून घट्ट झालेलं. आमच्या कोटिंगमध्ये थोडं थिनर असतं खरं, ते आधीच्या गरम बोगद्यात उडवून टाकतात. मागे उरतो तो मधासारखा दाट, चिकट थर. त्यात अ‍ॅक्रिलेटचे लहान-मोठे रेणू असतात आणि शेकड्याला तीन-चार भाग फोटोइनिशिएटर. हा फोटोइनिशिएटर म्हणजे विरजण. अतिनील किरण लागला की त्याचा रेणू दुभंगतो, त्याचे तुकडे शेजारच्या रेणूंची बंद दारं उघडतात, एकाने दुसऱ्याचा हात धरला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, असं करत सगळ्या थरभर जाळं विणलं जातं. दह्याला रात्र लागते. इथे तीन-चार सेकंद. आईला ते एका दमात कळलं. “म्हणजे उजेडाचं विरजण,” ती म्हणाली. मी तिला दुरुस्त केलं नाही, कारण ती फार चुकली नव्हती.

काका रागवायचे ते त्यासाठीच. वाळणं ही वाट पाहण्याची गोष्ट आहे. थोडं कमी वाळलं तर अजून जरा ठेवू, असं म्हणता येतं. इथे काच दिव्याखालून गेली की गेली. जेवढं जाळं विणलं गेलं तेवढंच. उरलेलं नंतर विणता येईल या भरवशावर राहता येत नाही.

आता लाईनविषयी. मोल्डिंगमधून काच येते, तिच्यातला ताण काढायला तिला तासभर तापवतात, मग आयपीए नावाच्या अल्कोहोलने पुसायची, आयोनाईज्ड हवेने झटकायची, स्प्रे, गरम बोगदा आणि शेवटी यूव्ही. कागदावर या सहा चौकटी आहेत. प्रत्यक्षात आमचा निम्मा जीव एका गोष्टीत जातो: कचरा. बारा मायक्रॉनच्या थरात वीस मायक्रॉनचा तंतू पडला तर तो उशीखाली ठेवलेल्या दोरीसारखा वर येतो. क्युअर झाल्यावर तो काढता येत नाही. काच रिजेक्ट.

आणि हा तंतू बहुतेक वेळा कापसाचा असायचा. माझ्या लाईनवर तपासणीला असलेल्या बायकांपैकी निम्म्या शेतकरी घरातल्या. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की सेकंड शिफ्टच्या बायका सकाळी कापूस वेचायच्या, दुपारी घरी जाऊन हातपाय धुऊन, दोन घास खाऊन काळी-पिवळीने कामावर. साडी बदललेली, पण केसांत, कानामागे, बांगड्यांच्या खाली कापूस असायचाच. टोपी घातली, कोट घातला, एअर शॉवर घेतला तरी एखादा तंतू आत यायचा. रिजेक्शनच्या वहीत ‘लिंट’ असा एक रकाना आहे. नोव्हेंबर लागला की तो रकाना चढायला लागायचा आणि संक्रांतीनंतर उतरायचा. मी तर तो पाहून सांगू शकले असते की वेचणी कुठवर आली.

एकदा एक मॅडम बाहेरून ऑडिटला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, हा रकाना दर हिवाळ्यात का वाढतो? साहेब म्हणाले, सीझनल. मी मागे उभी होते. मला सांगावंसं वाटलं की या बायका पहाटे पाचपासून उभ्या आहेत, तुमच्या आकड्यात दिसतो तो त्यांचा दिवस आहे. तेव्हा बोलले नाही. पण पुढच्या हिवाळ्यात आम्ही गेटजवळ एक खोली मागून घेतली, तिथे नळ, आरसा, कंगवे, धुतलेले सुती रुमाल ठेवले आणि शिफ्टच्या आधीची पंधरा मिनिटं भरपगारी करून घेतली. रकाना खाली आला. माझ्या नोकरीत मी केलेल्या कामांपैकी ते मला सगळ्यांत जवळचं वाटतं.

केसांच्या तेलाचीही अशीच गोष्ट. ज्या तेलात किंवा क्रीममध्ये सिलिकॉन असतं, ते बोटाला लागून काचेवर आलं की कोटिंग तिथून दूर पळतं आणि बारीक खड्डा पडतो. आम्ही त्याला क्रेटर म्हणतो. साधं खोबरेल तेलसुद्धा नको असतंच, पण बाजारातलं सीरम म्हणजे लाईनचा शत्रू. नव्या मुलींना पहिल्या दिवशी हे सांगावं लागतं, आणि सांगताना त्यांना कमीपणा वाटणार नाही हे बघावं लागतं. मी माझ्या घरची खोबरेलाची बाटली दाखवून सांगते.

आता कापसाचा रकाना पूर्वीसारखा चढत नाही. आमच्याच नव्हे, निलजगाव आणि आसपासच्या शिवारातल्या जमिनीही औद्योगिक वसाहतीत गेल्या. बिडकीनचा औद्योगिक पट्टा ७,८५५ एकरांचा आहे, २९ सप्टेंबर २०२४ रोजी तो पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. आमची अडीच एकर त्याच्यात आहे. वडील अजूनही तिला ‘विहिरीकडचं रान’ म्हणतात, तिथे आता रुंद रस्ता आणि दिव्याचे खांब आहेत. पुढे गाड्यांचे मोठे कारखाने येणार म्हणतात. वहीत सध्या ‘लिंट’पेक्षा ‘धूळ’ हा रकाना मोठा आहे, रस्त्यांच्या आणि बांधकामाच्या धुळीचा. माझ्या गावाचं काय चाललंय ते मला आधी त्या वहीत दिसतं.

यूव्हीच्या खोलीत ट्यूबलाईट पिवळ्या आहेत. साध्या पांढऱ्या ट्यूबखालीसुद्धा उघडं कोटिंग हळूहळू धरायला लागतं. मुख्य दिवा म्हणजे हातभर लांबीची क्वार्ट्‌झची नळी, आत पाऱ्याची वाफ, वरून वाकवलेला आरसा. चालू असताना फटीतून निळसर पांढरा झोत दिसतो आणि वळवाच्या पावसाआधी वीज कडाडल्यावर येतो तसा वास येतो. तो ओझोनचा. नवीन माणसाला वाटतं की तो झोत म्हणजेच काम. तो झोत कामाचा नाही. पाऱ्याच्या दिव्यातून ३६५ नॅनोमीटरचे, ३१३ चे, २५४ चे किरण निघतात आणि त्यातला एकही डोळ्याला दिसत नाही. १८०१ साली जर्मनीत रिटर नावाच्या माणसाने सूर्याच्या रंगपट्ट्यात जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला अंधार दिसतो तिथे, चांदीच्या क्षाराचा कागद ठेवला. तो कागद तिथेच सर्वांत लवकर काळा पडला. आमचं सगळं काम त्या अंधारात चालतं.

मग ते होतंय की नाही हे कळायचं कसं? त्यासाठी रेडिओमीटर असतो. तळहाताएवढी जाड चकती. ती काचेसारखीच कन्व्हेअरवर ठेवायची, दिव्याखालून जाऊ द्यायची, पलीकडे उचलून आकडा वाचायचा: दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिज्यूल मिळाले. आमच्या कोटिंगला किमान १८०० हवेत. नवा दिवा बसवला की आकडा अडीच हजारांच्या पुढे जातो, मग महिन्यागणिक उतरत जातो. दिव्याचं आयुष्य तासांत मोजतात, साधारण हजार तास. पण, आणि हे मला आयुष्यभर पुरलंय, शेवटच्या तासालाही तो डोळ्याला पहिल्या तासाएवढाच लख्ख दिसतो. दिसणारा उजेड तसाच राहतो, न दिसणारा संपत जातो.

काकांनी मला हे मे महिन्यात शिकवलं. आमच्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, दुपारी खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. त्या दिवशी त्यांनी एका काचपट्टीवर ओलं कोटिंग ओढलं आणि मला म्हणाले, “तुझी आई म्हणते ना ऊन फुकट आहे? जा, ठेव बाहेर.” मी भिंतीवर ठेवलं. सात-आठ मिनिटांत थर धरला. मला वाटलं आई जिंकली. काका म्हणाले, बोट लाव. वर चिकट होतं. अर्ध्या तासानेही चिकटच. त्यांनी कारण सांगितलं. हवेतला ऑक्सिजन हा त्या दुभंगलेल्या तुकड्यांना आधीच पकडतो, त्यांचा हात दुसऱ्या कुणाला धरू देत नाही. ऊन हळूहळू देतं, त्यामुळे वरच्या कातडीवर ऑक्सिजन दरवेळी पुढे राहतो. उन्हाला जेवढं द्यायला पाच-सहा मिनिटं लागतात तेवढं आमचा दिवा काही सेकंदांत ओततो, तेव्हा कुठे ऑक्सिजन मागे पडतो. मात्रा सारखी असली तरी जोर वेगळा. घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “मंद आचेवर भाकरीला पापुद्रा येत नाही, तसं.” अगदी तसं.

भाकरीचं हे उदाहरण मी तेव्हापासून सगळ्या नव्या मुलींना देते, कारण त्याची दुसरी बाजूही खरी आहे. जाळ फार झाला की भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते. आमच्या कोटिंगमध्ये उन्हापासून वाचवणारं एक द्रव्य मिसळलेलं असतं, ते अतिनील किरण पिऊन टाकतं. पुढची पाच-सात वर्षं रस्त्यावर त्याने तेच करायचं असतं. पण ते द्रव्य आमच्या दिव्याखालीही तेच करतं. त्याला हे आपलं घरचं ऊन आहे हे कळत नाही. त्यामुळे वरचा भाग किरण खातो आणि तळाला, जिथे कोटिंग प्लास्टिकला धरून बसायचं आहे, तिथे थोडेच पोचतात. म्हणून या कोटिंगमध्ये अशा विरजणाची जात निवडतात जी ३८० च्या पुढे, दिसणाऱ्या उजेडाच्या उंबरठ्यावरही काम करते. टीपीओ नावाचं एक असतं. ब्यूटी पार्लरमध्ये नखांवर जेल लावून छोट्या दिव्यात हात धरायला सांगतात ना, त्यातही ते असायचं. युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आहे. दाताच्या डॉक्टरांचा निळा दिवा, बिडकीनच्या स्टँडजवळ मोबाईलवर यूव्ही ग्लास बसवणारा पोरगा, पार्लर आणि आमची लाईन, सगळी एकाच कुळातली.

अंगावर येणाऱ्या गोष्टी दोन. एका सहकाऱ्याने जाम झालेला कन्व्हेअर बघायला झडप अर्धी उघडी असताना वाकून पाहिलं. तेव्हा काही झालं नाही. रात्री अकराला त्याच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पहाटेपर्यंत तो रडत होता. वेल्डिंगवाले याला ‘आर्क लागणं’ म्हणतात आणि बटाट्याच्या चकत्या ठेवतात. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. दुसरी गोष्ट माझ्या बोटांची. पहिल्या वर्षी साध्या रबरी हातमोज्यांनी मी कच्चं कोटिंग हाताळलं, मोनोमर त्यातून आत गेला आणि बोटांच्या पेरांना खाज सुटली, ती अजून पावसाळ्यात उठते. एकदा शरीराने ओळख ठेवली की थेंबही पुरतो. आता नायट्राईलचे मोजे, तेही दर तासाला नवे. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

वीज गेली की काय होतं, हेही सांगायला हवं. वळवाच्या दिवसांत पैठण रस्त्याच्या पट्ट्यात व्होल्टेज क्षणभर जरी पडलं तरी पाऱ्याचा दिवा विझतो. आणि गरम दिवा लगेच पेटत नाही. आत वाफेचा दाब एवढा असतो की तो निवेपर्यंत, पाच-दहा मिनिटं, बटण दाबून उपयोग नसतो. तोवर स्प्रे झालेल्या ओल्या काचा ताटकळतात आणि त्यांच्यावर धूळ बसते. जी काच त्या क्षणी दिव्याखाली होती ती अर्धी क्युअर झालेली असते, ती ठेवता येत नाही. आता एलईडीचे यूव्ही दिवे आले आहेत. चटकन पेटतात, ओझोन नाही, पारा नाही. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला, २०१८ मध्ये भारताने तो मान्य केला, तेव्हापासून सगळे त्या दिशेने बघतात. आम्हीही दोन वेळा चाचणी घेतली. पण एलईडी एकाच सुरात गातो, ३६५ किंवा ३९५, आणि वरची कातडी घट्ट करणारे आखूड किरण त्यात नाहीत. आमच्या कोटिंगचा पृष्ठभाग चिकट राहिला. नवं कोटिंग येईल तेव्हा दिवा बदलेल. मला तो दिवस बघायचा आहे, फुटलेली पाऱ्याची नळी गोळा करताना जो धसका बसतो त्यासाठी तरी.

आता जे लिहायचं आहे ते.

२०१६ च्या फेब्रुवारीत आमचा रेडिओमीटर कॅलिब्रेशनला बाहेर पाठवला. आठवड्यात यायचा होता, त्याला तीन आठवडे लागले. आमच्याकडे दुसरा नव्हता. पहिल्या दिवशी मी वहीतला रकाना कोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाले, ऑडिट आहे, कोरा दिसायला नको, मागचाच आकडा टाक, दिवा तर चालूच आहे. मी दिव्याकडे पाहिलं. लख्ख होता. मी २१५० लिहिलं. पुढच्या दिवशी २१४०. मग २१६०. आकडे खरे वाटावेत म्हणून मी ते थोडे थोडे बदलत होते. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही, ते माझं मीच केलं.

त्या काळात दिव्याने हजार तास ओलांडले. रेडिओमीटर परत आला त्या सकाळी मी चकती ठेवली आणि पलीकडे उचलली. १२४०. मी पुन्हा ठेवली. १२३०. दिवा त्याच दुपारी बदलला. साठवून ठेवलेले नमुने मी घाईने काढले, ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून शंभर चौकोन पाडले, टेप चिकटवून ओढली. शंभरपैकी शंभर चौकोन जागेवर. स्टील वूल घासलं, ओरखडा नाही. मी सुटकेचा श्वास घेतला. वरून भाकरी छान भाजली होती. तळ कच्चा आहे हे कळायला ती काच ४० अंशांच्या पाण्यात दहा दिवस ठेवून मग टेप ओढावी लागते. ती चाचणी महिन्यातून एकदाच व्हायची आणि त्या महिन्याची आधीच झाली होती. मला दहा दिवस थांबता आलं असतं. मी थांबले नाही, कुणाला बोललेही नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर काचा परत यायला लागल्या. वरच्या कडेला, जिथे ऊन सरळ पडतं, कोटिंगला आधी जाळीसारख्या चिरा, मग पोपडे. पोपड्याखाली पिवळं प्लास्टिक. वाळूजच्या एका गोदामात जाऊन मी आणि तीन बायका चार दिवस पेट्या उघडत होतो, तारीख बघून काचा वेगळ्या करत होतो. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात साच्यातूनच उमटलेलं एक घड्याळासारखं चक्र असतं, बाण महिना दाखवतो, मध्ये वर्ष. फेब्रुवारी, १६. फेब्रुवारी, १६. बरोबरच्या एका ताईंनी विचारलं, “मॅडम, या महिन्यात काय झालं होतं हो?” मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. आणि संध्याकाळी त्यांना, दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. सुपरवायझर तोवर नोकरी सोडून गेले होते, त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. वहीतलं अक्षर माझं होतं. माझी त्या वर्षीची पगारवाढ थांबली. दुसरा रेडिओमीटर विकत घेतला गेला. काका निवृत्तीला आले होते, त्यांनी एवढंच विचारलं, “आकडे बदलून का लिहिलेस गं? एकच लिहिला असतास तर कुणाला तरी शंका आली असती.” मला आजही त्याचं उत्तर देता येत नाही.

सगळ्या काचा परत आल्या नव्हत्या. काही रस्त्यावर होत्या. तेव्हापासून मला एक सवय लागली. बाजारात, स्टँडवर, दवाखान्याच्या दारात, त्या मॉडेलची गाडी दिसली की मी वाकून चक्र बघते. २०१९ मध्ये नाथषष्ठीला पैठणला गेलो होतो. एका मोकळ्या रानात शेकडो गाड्या लावलेल्या. दर्शन घेऊन परत येताना मला ती दिसली. वरचा भाग पूर्ण सोललेला, आतून दह्याच्या निवळीसारखा पिवळट. मी वाकले. बाण दोनवर, मध्ये १६.

मी गाडीजवळ थांबले. तासाभराने एक आजोबा आले, कपाळाला बुक्का, पिशवीत प्रसाद. ढोरकीनच्या पुढचे होते. मी विचारलं, “आजोबा, रात्री नीट दिसतं का हो या लाईटने?” “दिसतं की. जरा धुक्यावानी दिसतं. माझेच डोळे गेले असतील.” मग म्हणाले, दोन वेळा डोळे तपासून आलो, डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू पिकला नाही अजून.

मी त्यांना पैठणच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात घेऊन गेले. नवी काच बसवायला अर्धा तास लागला. ते पैसे काढायला लागले तेव्हा मी थांबवलं. “तुम्ही कशाला पोरी?” मी म्हटलं, “ही काच मी केली होती.” त्यांना काय समजलं माहीत नाही. त्यांनी पिशवीतला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि अंधार पडायच्या आत निघायचं म्हणून किक मारली.

जुनी काच माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन मुलगी आली की तिच्या हातात देते आणि पोपड्याच्या कडेला नख घालायला सांगते.

आज सकाळी सहाला चकती ठेवली. दिव्याचे ९१० तास झालेत, वरून लख्ख आहे. पलीकडे उचलली तर १८७०. वहीत १८७० लिहिलं, खाली सही केली, आणि नवा दिवा स्टोअरमधून काढायला माणूस पाठवला.